थोरलीचं उत्तर, धाकटीचं उत्तर

विभागात तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचा राग येत नसे. समोर आलेला प्रत्येक आकडा चाळून घ्यायचा, खडा दिसला की हातातलं काम बाजूला ठेवून आधी तो निवडायचा, ही खोड तिला होतीच. आणि तिच्या कामाला ती खोड लागतेच.

काम किरणोपचाराच्या विभागातलं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जाड भिंतींच्या आड किरण सोडणारं यंत्र होतं आणि त्याच्या शेजारच्या खोलीत ही. मोठे डॉक्टर रुग्णाच्या मानेचं नाहीतर छातीचं चित्र पडद्यावर घेऊन त्यावर रेघा आखायचे. इथपासून इथवर गाठ, तिच्यावर पुरेपूर मारा झाला पाहिजे. आणि हा इथे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू, त्याला धग लागता कामा नये. त्या दोन रेघांमध्ये कधीकधी बोटभरसुद्धा जागा नसे. तेवढ्यातून किरण कसे काढायचे, कुठल्या बाजूने किती सोडायचे, हे गणित संगणक करायचा आणि त्या गणितावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची ती.

रुग्ण वाढले तसा एक संगणक पुरेना. आणखी दोन घ्यायचे ठरलं आणि मोठ्या डॉक्टरांनी ते काम तिच्या गळ्यात घातलं. सध्याच्या संगणकात होता तसलाच महागडा, नावाजलेला प्रोसेसर घ्यायचा, की बाजारात नवा आलेला स्वस्तातला? कुठला किती वेगात काम करतो आणि पैसे कशात वसूल होतात, ते बघून सांग, म्हणाले.

संगणकवाल्याने नवीन प्रोसेसर घातलेलं यंत्र तपासायला म्हणून आणून दिलं. गेल्या वर्षीचा संगणकही त्यानेच विकलेला होता. हा माणूस वायर जोडताना जितका बोलायचा तितका जेवतानाही कुणी बोलत नसेल.

"ताई, सोप्पं करून सांगतो. तुमच्या जुन्या मशीनमधले आचारी मोजकेच, पण एकेकाचा हात असा भारी! या नवीनमध्ये आचारी जास्त, हात जरासा हळू. चारच माणसांचा स्वयंपाक असेल तर जुनं आधी उरकेल. पण हॉलभर माणसं जेवायची असतील, तर हे."

"आणि किंमत निम्मी?"

"निम्म्याच्या जरा वर."

"मग खोट कुठे आहे?"

"बघा, लगेच खोट! अहो, एखादी गोष्ट नुसतीच चांगली असू शकते की नाही?" तो हसला आणि पंख्यावर फुंकर मारून झाकण लावून गेला.

दोन्ही पेट्या टेबलाखाली शेजारी शेजारी बसल्या. जुनीचं नाव तिने थोरली ठेवलं, नवीचं धाकटी. एका घरात आलेल्या दोन जावाच जणू; एक मानाची, एक नवखी, आणि दोघींना एकच काम.

पुढचा आठवडा तिचा मजेत गेला. जुन्या रुग्णांची गणितं, नावं काढून, ती दोघींना सोडवायला द्यायची आणि कोण आधी उरकतंय ते बघायची. किरणांचं गणित म्हणजे हॉलभर माणसांचा स्वयंपाकच. लाखो कण एकेक करून शरीरात सोडून ते कुठे थांबतात ते बघायचं. त्यात धाकटी सरळ पुढे जायची. थोरलीचा पंखा घरघरत असायचा, पेटीला हात लावला तर चटका बसेल इतकी ती तापायची, आणि तरी मागेच. पडद्यावरचं चित्र फिरवणं, रेघा आखणं, असल्या किरकोळ कामांत मात्र थोरली चपळ होती. विजेचा खर्च बघितला तर तिथेही धाकटी काटकसरी. चाळणीबाईच्या मनात निकाल लागला होता. उरलं होतं ते तिच्या खोडीचं काम. दोघींची उत्तरं एकमेकींतून वजा करून बघायची.

असं वजा केलं की पडद्यावर राखाडी रंगाशिवाय काही दिसता कामा नये. शेवटच्या अंकात कणभर इकडेतिकडे होतंच, ते धुळीसारखं विखुरलेलं दिसतं. पहिलं गणित राखाडी. दुसरं राखाडी. छातीचं एक, तेही राखाडी. मग तिने मानेचं एक उघडलं आणि पडद्याच्या मधोमध, मज्जारज्जूच्या कडेला, नखाएवढा लाल डाग दिसला.

तिने पडदा पुसला. खरोखरच पुसला, ओढणीच्या टोकाने. डाग तिथेच होता.

चुकून वेगळ्याच रुग्णाचं गणित उघडलं असेल म्हणून तिने सगळं बंद केलं, नव्याने उघडलं, दोघींना पुन्हा सोडवायला दिलं. जेवणाची वेळ टळून गेली. थोरलीचा पंखा घरघरत होता. उत्तरं आली, वजा झाली, आणि डाग जिथल्या तिथे. थोरली म्हणत होती, मज्जारज्जूला धग लागत नाही. धाकटी म्हणत होती, लागते, आणि चांगलीच लागते.

मोठ्या डॉक्टरांनी उभ्याउभ्याच पाहिलं.

"मग मिटलं की! स्वस्तातलं चुकतंय. परत कर त्याला ते."

"सर, पण..."

"आता पण कुठून आला?"

"दोघी वेगळं सांगतायत, एवढंच मला कळलंय. खोटं कोण बोलतंय ते अजून कळलेलं नाही."

डॉक्टर हसले. "चाळणीबाई, एकीवर आपण वर्षभर काम करतोय. दुसरी परवा आलीय." आणि ते निघून गेले.

तिलाही हसायला आवडलं असतं. थोरली वर्षभर इथे होती, हे डॉक्टरांना दिलाशाचं वाटत होतं. नेमका तोच शब्द तिला टोचत होता. वर्षभर! रोजची पडताळणी व्हायची, नाही असं नाही. पण ती गाठीच्या मध्यावरच्या एका बिंदूची. मध्यावरचा आकडा थोरलीचा कधीच चुकला नव्हता. हा डाग कडेला होता, आणि कडेला कुणी बघत नव्हतं.

घरी तिची आत्या होती. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं, शिवणकाम करून शिकवलं. गेल्या वर्षी आत्याच्या घशात गाठ निघाली आणि उपचार याच विभागात झाले. घरच्या माणसाचं गणित आपण करायचं नाही असा नियम, म्हणून ते एका सहकाऱ्याने केलं होतं. पण केलं होतं थोरलीवरच.

संध्याकाळी आत्या खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होती. सुई ठेवली आणि हात झटकला.

"काय झालं गं?"

"काही नाही. मुंग्या येतात मेल्या. दोन-तीन आठवडे झाले, बोटं नुसती बधिर होतात."

तिच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. मज्जारज्जूला जास्त किरण लागले तर लगेच काही होत नाही. महिने जातात. माणूस बरा झाला म्हणून पेढे वाटावेत इतके महिने. मग एक दिवस बोटांना मुंग्या येतात, मग पाय जड होतात, मग जिना चढवत नाही. आणि एकदा हे सुरू झालं की मागे फिरवायला फारसं काही हातात उरत नाही. हे सगळं तिला तोंडपाठ होतं. शिकताना परीक्षेत आलं होतं.

"कुठल्या बोटांना? दोन्ही हातांना की एकाच? पायांना पण येतात का?"

"अगं हो हो! पोलिसासारखी काय विचारतेस? वय झालं, सुई धरून धरून हात दुखणार नाहीत?"

"दोन्ही हातांना का?"

"उजव्या. डाव्याला कधीतरी." आत्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "चेहरा का असा पांढराफटक पडलाय तुझा? जेवली नाहीस ना दुपारी?"

ती जेवायला बसली. घास तोंडात फिरत राहिला. समोर आत्या कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचं काही सांगत होती, आणि ही तिच्या बोटांकडे बघत होती.

खोटं कोण बोलतंय हे तिसऱ्या कुणाला तरी विचारायला हवं होतं, आणि असा तिसरा विभागात होता. पाण्याची टाकी. माणसाच्या शरीरात किरण जसे जातात तसेच पाण्यात जातात, म्हणून काचेसारख्या चौकोनी टाकीत पाणी भरायचं, त्यात वाटाण्याएवढा मोजणारा खडा सोडायचा, आणि यंत्राने खरोखर किती किरण पोचवले ते वाचायचं. टाकीला गणित येत नव्हतं. जे पडलं ते सांगायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र रिकामं मिळालं. तेच किरण टाकीवर पडले तर काय होईल, याचं उत्तर तिने आदल्या दुपारीच दोघींकडून काढून ठेवलं होतं. तिथेही दोघींचं पटलेलं नव्हतं. तिने टाकी भरली, जाड दार लावलं आणि बाहेर येऊन किरण सुरू केले. आधी मध्यावरचा बिंदू. थोरली बरोबर, धाकटी बरोबर. खडा थोडा सरकवला. दोघी बरोबर. मग कडेकडे, डागाच्या जागी. आकडा स्थिर व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय असं तिला वाटलं; लागत नव्हता.

आकडा धाकटीच्या बाजूने होता.

तिने खडा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा मोजलं. एक पाऊल अलीकडे, एक पलीकडे. प्रत्येक वेळी टाकी धाकटीसारखंच बोलत होती. खुर्ची मागे आहे की नाही हे न बघताच ती बसली.

मोठे डॉक्टर आले तेव्हा या वेळी उभे राहिले नाहीत. तिच्या शेजारी बसून त्यांनी आकडे वाचले, चष्मा काढून पुन्हा वाचले.

"कधीपासून?"

"माहीत नाही, सर."

"किती जणांचं?"

"तेही नाही."

त्यांनी तोंडावरून हात फिरवला. तेवढ्यात शेजारच्या दालनातल्या यंत्राची घंटा वाजली. टाकी निघाल्यावर तंत्रज्ञाने रोजच्या रुग्णांना सुरुवात केली होती, आणि किरण सुरू होण्याआधी वाजते ती ही घंटा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघेही एकदमच उठले. ती आधी पोचली. तंत्रज्ञाला काही सांगण्याच्या भानगडीत न पडता तिने लाल बटण दाबलं.

आत टेबलावर शाळेत शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर बसवलेला जाळीचा मुखवटा टेबलाला घट्ट अडकवलेला. तो सोडवला तेव्हा गालांवर जाळीचे वळ उठले होते.

"झालं एवढ्यात?" त्यांनी आनंदाने विचारलं.

"आज यंत्र जरा तपासतोय आम्ही," ती म्हणाली. आपला आवाज कसा येतोय याचीच तिला भीती वाटत होती. "उद्याचं फोन करून कळवू."

त्या दिवशीचे सगळे रुग्ण घरी पाठवले. संगणकवाल्याला बोलावलं. तो शिट्टी वाजवत आला, आणि ऐकता ऐकता त्याची शिट्टी, मग बडबड, मग रंगही गेला. रात्रभर बंद ठेवलेली थोरली दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना त्याने सुरू केली आणि तेच मानेचं गणित दिलं. उत्तर बरोबर आलं. धाकटीसारखं, टाकीसारखं. मग तिला तासभर राबवली, पंखा घरघरायला लागला, पेटी तापली, आणि पुन्हा तेच गणित दिलं. लाल डाग.

मग त्याने प्रोसेसरमधल्या एकेका कोअरला, त्याच्या भाषेत एकेका आचाऱ्याला, तेच गणित वेगवेगळं देऊन बघितलं.

"एकच कोअर आहे, ताई. बाकीचे सगळे ठीक. हा एक तापला की चुकतो, आणि तोही दरवेळी नाही, ठरावीक गणित आलं तरच. असे सगळे नसतात हो. लाखात एखादा निघत असेल. तोच नेमका मी तुम्हाला..." त्याला पुढे बोलवेना. "बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. हे चुकतं आणि चुकलो म्हणत नाही."

थोरली किती वाजता तापलेली होती आणि कुणाचं गणित तेव्हा झालं, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. एकच मार्ग होता. वर्षभराची सगळी गणितं धाकटीवर पुन्हा सोडवायची आणि थोरलीच्या तेव्हाच्या उत्तरातून एकेक वजा करून बघायचं. धाकटीचंही प्रत्येक उत्तर आता टाकीत मोजून घ्यायचं असं तिने ठरवलं; तिच्यावर तरी डोळे झाकून विश्वास कशाला?

कुणापासून सुरुवात करायची, यावर ती क्षणभर थांबली. आत्याचं गणित सगळ्यांत आधी उघडावं, असं तिचं बोट म्हणत होतं. पण ज्यांचे उपचार अर्धवट होते त्यांचं आधी बघितलं तर पुढचे डोस बदलता येत होते, माणूस वाचवता येत होता. आत्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तिने आत्याला मागे ठेवलं. आणि मग घरी गेल्यावर आत्याच्या नजरेला नजर देणं तिला जमेना.

शाळेतल्या बाईंच्या गणितात डाग निघाला, पण दुसराच आठवडा चालू होता. उरलेले डोस नव्याने आखले की भरून निघत होतं. चालू उपचारातल्या बाकी सगळ्यांचं राखाडी. मग झालेल्यांची पाळी. एक राखाडी झालं की तिला वाटायचं, सुटलो. आणि दुसरं उघडताना पुन्हा तेवढीच भीती. घरी आत्याने बटणं लावायचं सोडून दिलं होतं. बोटांत सुई राहत नाही म्हणाली. ती रात्रंदिवस एकच वाक्य मनात जुळवत होती, आत्या, तुला काही सांगायचंय, आणि त्याच्या पुढचा शब्द तिला सापडत नव्हता.

आत्याची पाळी एका दुपारी आली. तिने सहकाऱ्याला बोलावलं. "तू बघ. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते."

पाठीमागे बटणांचा टकटकाट झाला. मग काहीच नाही. इतका वेळ काहीच नाही की तिला किंचाळावंसं वाटलं.

"राखाडी," तो म्हणाला. "अगं, राखाडी आहे सगळं. ये, बघ."

तिने पाहिलं. मोठं करून पाहिलं, काप काप करून पाहिलं. आत्याच्या मज्जारज्जूला जेवढी ठरली होती त्याहून रतीभर जास्त धग लागलेली नव्हती. तिला हसू फुटलं, मग उचकी लागली, ती थांबेचना. सहकाऱ्याने पाणी आणून दिलं. नंतर आत्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मनगटातली शीर दबल्याचं निघालं, शिवणाऱ्यांना होतंच ते, आणि पट्टा बांधून महिन्याभरात सुई पुन्हा हातात आली. पण त्या दुपारी तिला एवढंच कळत होतं की डाग आपल्या घरात नाही, आपलं घर वाचलं.

मग तिने पुढचं गणित उघडलं, अजून हसत होती ती, आणि डाग दिसला. नखाएवढा नव्हे. बोटाएवढा, मज्जारज्जूच्या कडेने उभा.

आठ महिन्यांपूर्वी उपचार संपलेले होते. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, चाळिशीचा. तिला तो आठवला. उपचार संपले त्या दिवशी विभागाचा अडकणारा सरकता दरवाजा त्याने मोकळा करून दिला होता, नको नको म्हणत असताना. आपण आत्ता हसत होतो, या विचाराने तिला स्वतःचीच लाज वाटली.

मोठे डॉक्टर खिडकीकडे बघत बोलले. "तो बरा आहे. गाठ गेलीय, कामावर जातो. कदाचित आयुष्यभर काहीच होणार नाही. आणि आपण त्याला बोलावून सांगायचं की तुझ्या मानेत काय होईल ते आम्हाला ठाऊक नाही? रोज सकाळी उठला की हात चाचपून बघेल तो."

"आणि नाही सांगितलं तर? पहिल्या मुंग्या आल्या की मान अवघडली म्हणून तेल लावून बसेल. जे थोडंफार करता येतं ते लवकरच करावं लागतं, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"माझी खुर्ची जाईल, कळतंय का तुला?"

"कळतंय, सर. माझीही जाईल बहुतेक."

ते वळले. त्यांचा चेहरा इतका घाबरलेला तिने कधी पाहिला नव्हता, आणि का कोण जाणे, त्यामुळेच तिला जरा धीर आला. त्यांनी फोन उचलला. नंबर फिरवताना बोट दोनदा चुकलं.

तिने अहवाल त्याच दुपारी लिहिला. वेगात धाकटी पुढे, किमतीत धाकटी परवडणारी, विजेत काटकसरी. किरकोळ कामांत थोरली चपळ. मग खाली लिहिलं की या सगळ्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा उत्तर बरोबर असेल. आणि कुठलाही प्रोसेसर घेतला तरी दर आठवड्याला, तापलेला असताना, एकच गणित दोन संगणकांवर सोडवून वजा करून बघावं, म्हणून संगणक दोन घ्या पण दोन वेगळ्या जातीचे घ्या. कुणाच्याही नावावर खापर फोडलं नाही. थोरलीतला प्रोसेसर संगणकवाल्याने स्वतः काढून डबीत घातला आणि बनवणाऱ्यांकडे पाठवला.

लिफ्टवाला बायकोला घेऊन आला. नियमित तपासणी असेल असं समजून दोघं आले होते. बायकोच्या हातात छत्री आणि बाजाराची पिशवी. मोठ्या डॉक्टरांनी फिरून फिरून बोलायला सुरुवात केली. यंत्र, गणित, अपवादात्मक परिस्थिती. माणूस ऐकत राहिला, आणि मग डॉक्टरांना सोडून तिच्याकडे वळला.

"बाई, तुम्ही सांगा. काय झालंय?"

तिने सांगितलं. संगणकाचा एक भाग चुकत होता. तुमच्या मज्जारज्जूला ठरलं होतं त्याहून जास्त किरण लागले. त्याने काहीच होणार नाही, असंही होईल. किंवा हातापायांतली ताकद जाईल. आत्ता सांगता येत नाही. पहिली दोन वर्षं सगळ्यांत जपायची.

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"आणि तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं असतं?"

"नाही."

"मग सांगितलंत कशाला?" हे बायको म्हणाली. पिशवी तिने पोटाशी धरली होती. "बरे झाले होते हो! झोपायला लागले होते रात्रीचे! आता मी काय करू? रोज यांच्या तोंडाकडे बघत बसू?" तिचा आवाज चढत गेला आणि फुटला. डॉक्टर काही म्हणणार होते, त्यांना हाताने थांबवून ती रडली. कुणी तिला उगी म्हटलं नाही. म्हणायला तोंड नव्हतं कुणाला.

लिफ्टवाल्याने बायकोच्या हातातली पिशवी घेऊन खाली ठेवली. मग त्याने विचारलं, "काय बघायचं? म्हणजे, मला कसं कळेल?"

डॉक्टर त्याच्यासमोर येऊन बसले. "हळूच मान खाली घाला. हनुवटी छातीला लागू द्या. पाठीतून वीज गेल्यासारखं वाटतंय का, सांगा."

त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं आणि मान खाली घातली. बायकोचं रडणं थांबलं. खोलीतली बाकीची तिघंही त्याच्या मानेच्या मागच्या, केस विरळ झालेल्या जागेकडे बघत होते.

"काही नाही," तो खालच्या मानेनेच म्हणाला.

"नीट सांगा," बायको कुजबुजली.

"काही नाही म्हटलं ना."

तो जाताना तिच्याशी बोलला नाही. बायकोने एकदा वळून पाहिलं, आणि त्या पाहण्यात क्षमा नव्हती, हे चाळणीबाईने खाली न बघता सोसलं. चौकशी बसली. मोठ्या डॉक्टरांची खुर्ची गेली नाही, पण त्यांनी स्वतःच विभागाचं प्रमुखपण सोडलं आणि रुग्ण तेवढे बघत राहिले. तिला कामावर ठेवलं.

लिफ्टवाला पुढच्या महिन्यात आला. त्याच्या पुढच्याही. तो यायचा दिवस असला की तिला सकाळपासून काही खावंसं वाटत नाही. तो खुर्चीत बसतो, बटण काढतो, मान खाली घालतो, आणि तो बोलेपर्यंतचे क्षण ती दाराची चौकट धरून उभी असते.